‘ही अटक नाही’ असे सांगून रात्रीपर्यंत बसवून ठेवले तर?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

आदरणीय ताई, मी मूळची बीड जिल्ह्यातली असून पुण्यात नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रखडलेल्या निकालाबद्दल आम्ही आठजण हातात फलक घेऊन अलका टॉकीज चौकाजवळच्या फूटपाथवर बसलो होतो. घोषणा नव्हत्या, रस्ता अडवलेला नव्हता. सव्वापाचच्या सुमारास पोलीस आले आणि ‘परवानगी आहे का’ एवढेच विचारून त्यांनी आम्हाला व्हॅनमध्ये बसवले. पोलीस ठाण्यात आमचे फोन काढून घेतले. एका मैत्रिणीला तिने काढलेला व्हिडिओ पुसून टाकायला लावला. कशाखाली आणले आहे असे विचारल्यावर हवालदार म्हणाले, ‘ही अटक नाही, अडुसष्टखाली ताब्यात घेतलंय, साहेब आले की सोडू.’ पावणेअकराला सोडले. सोडताना एका छापील कागदावर सह्या घेतल्या आणि तो नीट वाचूही दिला नाही. दोन दिवसांनी आमच्यातल्या एका मुलाला व्हॉट्सअॅपवर चौकशीला हजर राहण्याची नोटीस आली. आमची ही अटक बेकायदा होती का? अटकच नव्हती म्हणतात, मग तक्रार तरी कशाची करायची? आणि उद्या नोकरी लागली तर चारित्र्य पडताळणीत हे निघेल का? घरी अजून सांगितलेले नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रातील तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांची उत्तरे सर्वस्वी तुमच्या बाजूची नाहीत. तरीही तुमच्या हकिगतीत कायद्याचा भंग झाल्याच्या खुणा आहेत आणि तो भंग नेमका कोठे झाला हे समजले, तरच तुमच्या तक्रारीला वजन येईल. मी इतकी वर्षे शिवाजीनगर न्यायालयात पाहत आले आहे की, शांततेने बसलेल्या माणसाला उचलले म्हणजे ती अटक आपोआप बेकायदा ठरते अशी बहुतेकांची समजूत असते, आणि पोलिसांनी कोणत्यातरी कलमाचा आकडा उच्चारला की ती आपोआप कायदेशीर ठरते अशी त्यांच्याच घरच्यांची समजूत असते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. अटक बेकायदा आहे की नाही हे, ज्या क्षणी तुमची मोकळीक काढून घेतली त्या क्षणी पोलिसांजवळ कोणता अधिकार होता, तो वापरण्याचे कोणते कारण होते आणि पुढे किती वेळ व कोणत्या पद्धतीने तो वापरला, यावर ठरते. पुढे खटल्यात निर्दोष सुटलो म्हणून आधीची अटक बेकायदा होत नाही, आणि खटला झालाच नाही म्हणून ती कायदेशीरही होत नाही.

आधी ‘ही अटक नाही’ या वाक्याकडे पाहू, कारण तुमची निम्मी भीती त्यातून आलेली आहे. अटक कशी होते हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ४३ मध्ये सांगितले आहे. पोलिसाने शरीराला स्पर्श केला, अडवून धरले किंवा तुम्ही शब्दाने वा कृतीने त्याच्या ताब्यात गेलात, की अटक होते. स्त्रीच्या बाबतीत तर तोंडी सांगितल्यावर ती ताब्यात आली असे धरले जाते आणि एरवी पुरुष पोलिसाने तिला हात लावायचा नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे व्हॅनमध्ये चढायला सांगितले, तुम्ही चढलात, आणि त्यानंतर ठाण्याच्या दारातून तुम्हाला आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नव्हते, एवढे पुरेसे आहे. त्याला स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, काय म्हटले आहे हा पुढचा प्रश्न. मी घरी जाऊ का असे एखादीने विचारले होते का, आणि त्यावर काय उत्तर मिळाले, हे आठवून ठेवा. साधा प्रश्न आहे, पण तुमच्या सगळ्या प्रकरणाचा पाया त्याच्या उत्तरावर उभा राहतो.

हवालदारांनी सांगितलेला ‘अडुसष्ट’ हा आकडा मात्र खरा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, ज्याला जुने वकील आणि पोलीस अजून मुंबई पोलीस कायदाच म्हणतात, त्याच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसाने आपले कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. जो त्या पाळत नाही त्याला अडवता किंवा हलवता येते आणि मग दंडाधिकाऱ्यापुढे नेता येते, अथवा किरकोळ प्रकरणात तो प्रसंग निघून गेल्यावर सोडून देता येते, असे कलम ६९ सांगते. पुण्यात मोर्चा किंवा धरणे झाल्यावर ‘६८ प्रमाणे ताब्यात घेऊन ६९ प्रमाणे सोडले’ असे जे वाक्य वर्तमानपत्रात येते, ते हेच.

आता या दोन कलमांतील तीन गोष्टी तुमच्या हकिगतीशी ताडून पाहा. पहिली म्हणजे सूचना मुळात दिली गेली पाहिजे. ‘येथून उठा, पाच मिनिटांत जागा मोकळी करा’ असे सांगितले आणि तुम्ही बसून राहिलात, तर कलम ६९ लागू होते. परंतु परवानगी आहे का एवढेच विचारून थेट व्हॅनचे दार उघडले असेल, तर न पाळण्यासारखी सूचनाच दिलेली नव्हती. तुमच्या पत्रावरून असेच घडलेले दिसते, पण आठहीजणांना हे एकसारखे आठवते का हे तपासा, कारण पोलिसांचे म्हणणे ‘वारंवार समज देऊनही ऐकले नाही’ असेच असणार. २०११ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या जमावाला मध्यरात्री हटवले गेले. त्या प्रकरणी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कारवाईवर कडक ताशेरे ओढले आणि जखमींना भरपाई द्यायला लावली, त्यामागे आदेश देऊन तो पाळायला पुरेसा वेळ न देणे हे एक मोठे कारण होते.

दुसरी म्हणजे ती सूचना वाजवी असली पाहिजे. येथे पोलिसांची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम असू शकते. याच अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली पोलीस आयुक्त जमाव आणि मिरवणुकीवर बंदी घालू शकतात, आणि असे आदेश निघाल्याच्या बातम्या पुणेकर वरचेवर वाचतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ही बंदी पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, पण त्या दिवशी ती लागू असेल आणि तिच्यात पाच किंवा अधिक व्यक्तींनी विनापरवानगी जमण्याला मनाई असेल, तर तुम्ही आठजण तिच्या कक्षेत येत होता. अशा वेळी तुम्हाला तेथून उठवणे हे बेकायदा होते असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो आदेश मुळातच अवास्तव आहे, असे म्हणून त्याला आव्हान देता येते. नुसती गैरसोय किंवा मतभेद दडपण्यासाठी अशी बंदी पुन्हा पुन्हा घालता येणार नाही, असे अनुराधा भसीन प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १४४ च्या, म्हणजे जमावबंदीच्या, संदर्भात म्हटले आहे. पण तो लढा उच्च न्यायालयातला आहे, चौकातला नाही. म्हणून त्या तारखेला कलम ३७ चा आदेश लागू होता का आणि त्याचे शब्द नेमके काय होते, हे सर्वांत आधी मिळवा.

तिसरी गोष्ट मला तुमच्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच नेहमी दुर्लक्षित राहते. कायदा म्हणतो की, किरकोळ प्रकरणात प्रसंग निघून गेल्यावर सोडून द्यायचे. तुमचा ‘प्रसंग’ काय होता? आठ मुले-मुली, फलक आणि फूटपाथ. व्हॅन निघाली तेव्हाच फूटपाथ रिकामा झाला होता. दुसरा जमाव तेथे येत होता, किंवा तुम्ही परत तेथेच जाऊन बसणार असे कोणी म्हटले होते, असे पत्रात काही नाही. मग सव्वापाच ते पावणेअकरा हे साडेपाच तास कशासाठी? ‘साहेब आले की सोडू’ हे कायद्याने मान्य केलेले कारण नाही. अधिकारी दुसऱ्या बंदोबस्तात होते म्हणून नागरिकाची मोकळीक तोपर्यंत ठाण्याच्या बाकावर अडकवून ठेवता येत नाही. पोलीस कदाचित नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ कडे बोट दाखवतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमात पोलिसांची कायदेशीर सूचना न पाळणाऱ्याला ताब्यात घेऊन, किरकोळ प्रकरणात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत सोडण्याची तरतूद आहे. तिचा अर्थ चोवीस तास बसवून ठेवण्याची मुभा असा पोलीस ठाण्यांत लावला जाताना मी ऐकते, तेव्हा मला मनापासून चीड येते. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द त्याच वाक्यात, चोवीस तासांच्या आधी लिहिलेले आहेत. चोवीस तास ही ओलांडायची नाही अशी सीमा आहे, पुरी वापरायची मुदत नाही.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: तुम्हाला तेथून हलवणे हे त्या दिवशीच्या आदेशावर आणि सूचना दिली होती की नाही यावर अवलंबून कायदेशीर असू शकेल किंवा नसेल. परंतु नंतरचे रात्रीपर्यंतचे डांबून ठेवणे, कारण न सांगणे आणि फोन काढून घेणे यांचे समर्थन करणे पोलिसांना फार अवघड जाईल. सुरुवात कायदेशीर असलेली अटक पुढे बेकायदा होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

फोनबद्दल दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिते. कलम ६८ किंवा ६९ मध्ये माणसाला हलवण्याचा अधिकार आहे, त्याच्या खिशातील वस्तू जप्त करण्याचा नाही. जप्ती करायची तर तिला गुन्ह्याचा संबंध लागतो, पंचनामा लागतो, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही लागते. यातले काहीच न करता फोन टेबलावर ठेवायला लावणे हे अधिकाराबाहेरचे आहे, आणि काढलेला व्हिडिओ पुसायला लावणे हे त्याहून गंभीर आहे, कारण सूचना दिली होती की नाही याचा तोच एकमेव निःपक्ष पुरावा असू शकला असता. त्या मैत्रिणीने फोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’ फोल्डरमध्ये आजच पाहावे. तेथे फाईल साधारण महिनाभर राहते.

कारण सांगण्याविषयीचा कायदा आता फार ठाम झाला आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) प्रमाणे अटक केलेल्याला कारणे सांगणे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे बंधनकारक आहेच. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कारणे न सांगितल्यास अटकच अवैध ठरते असे म्हटले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्यातील मिहिर शहा प्रकरणात, ही कारणे कोणत्याही गुन्ह्यात लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत असा दंडक घातला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याच्या गणवेशावर नाव वाचता येईल असे असले पाहिजे, अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे, त्यावर घरच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित साक्षीदाराची सही हवी, आणि कलम ४८ प्रमाणे तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे. यातल्या बऱ्याच गोष्टी १९९६ च्या डी. के. बसू निकालातून कायद्यात आल्या आहेत. पोलीस म्हणतील की हे सारे अटकेला लागू आहे आणि आम्ही तर अटक केलीच नव्हती. त्यावर आपले म्हणणे असे असेल की, ही ताब्याची कारवाई अटक नसेल तर साडेपाच तास थांबवून ठेवण्याचा अधिकार नव्हता, आणि अटक असेल तर तिचे नियम पाळलेले नाहीत. एकाच वेळी अधिकार अटकेचा आणि जबाबदारी काहीच नाही, असे होऊ शकत नाही.

स्त्रियांना सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही हा नियम तुमच्यापैकी कोणीतरी नक्कीच सुचवला असेल. तो कलम ४३(५) मध्ये आहे, पण तो अटकेच्या क्षणाला लागतो, आणि तुम्हाला दिवसाउजेडी ताब्यात घेतले असेल तर नुसत्या त्या नियमाचा आधार पुरणार नाही. व्हॅनमध्ये आणि ठाण्यात महिला पोलीस होत्या का, रात्री सोडताना मुलींना घरी पोचवण्याची काही व्यवस्था केली का, हे मात्र तक्रारीत जरूर लिहा.

आता गुन्ह्याबद्दल. पाचजण जमले की बेकायदा जमाव झाला, असे ऐकीव ज्ञान पुण्याच्या प्रत्येक कट्ट्यावर आहे. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १८९ मध्ये पाच ही संख्या आहे खरी, परंतु त्याबरोबर जमावाचा समान उद्देश बळजबरी, गुन्हा किंवा कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध अशा ठरावीक प्रकारचा असावा लागतो. निकाल लावा अशी मागणी करत गप्प बसणे त्यात बसत नाही. पांगण्याचा कायदेशीर हुकूम मिळाल्यावरही शांतता भंगण्याची शक्यता असलेल्या जमावात थांबणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि तेथे पुन्हा तो हुकूम दिला होता का, हाच प्रश्न येतो. बंदी आदेश मोडल्याबद्दल कलम २२३ लावतात. त्याची शिक्षा सहा महिने किंवा काही परिस्थितीत एक वर्षापर्यंत आहे, तो जामीनपात्र आहे, आणि संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवाचून न्यायालय त्याची दखलच घेऊ शकत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे हे पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे लिहून ठेवावे लागते. अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जोगिंदर कुमार प्रकरणातच सांगून ठेवले आहे. फक्त एका कलमापासून सावध राहा: पोलिसाच्या हाताला झटका दिला, व्हॅनच्या दाराशी ढकलाढकली झाली, की न्याय संहितेचे कलम १३२, म्हणजे लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळ वापरण्याचे पूर्वीचे ३५३, लावले जाते, आणि ते अजामीनपात्र आहे. तुमची अटक कितीही चुकीची असली तरी तिला हाताने विरोध करू नका. विरोध शब्दांनी आणि कागदावर करा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खालील प्रतिबंधात्मक अटकेचा उल्लेख येथे थोडक्यात करते, कारण मंत्र्यांच्या दौऱ्याआधी कार्यकर्त्यांना सकाळीच घरून नेतात ती याच कलमाखाली. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, करण्याचा बेत आहे अशी पोलिसांना माहिती हवी आणि अटकेवाचून तो टाळता येणार नाही अशी खात्री हवी. ‘काळे झेंडे दाखवतील’ हा दखलपात्र गुन्ह्याचा बेत होत नाही. टेकडीच्या किंवा नदीच्या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ नागरिकांनी हेही लक्षात ठेवावे की, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या व्यक्तीला अटक करायला किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

परवानगी नसणे म्हणजे हक्क नसणे नव्हे, हे तुम्हाला स्वतःच्याच जिल्ह्यातील उदाहरणावरून सांगते. माजलगावच्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध धरणे धरायला परवानगी नाकारली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द केला आणि शांततेने एखाद्या कायद्याला विरोध करू पाहणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शाहीन बाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असेही सांगितले. हे दोन निकाल एकत्र वाचले की पुढच्या वेळी काय करायचे ते कळते: जागा, वेळ, संख्या लिहून स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या, नकार आला तर तो लेखी मागा. आगाखान पॅलेसची आठवण जपणाऱ्या या शहरात समजूनउमजून अटक स्वीकारणाऱ्या सत्याग्रहींचीही परंपरा आहे, आणि ती वाट कोणी निवडली तर मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण तुम्ही ती निवडली नव्हती, आणि न निवडलेल्या माणसावर ती लादली जाऊ नये.

नोकरीची भीती सर्वांत मोठी आहे, म्हणून त्याबद्दल सरळ लिहिते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले गुन्हे पाहता येतात. संवेदनशील गुन्हे सोडता, त्या दिवशीच्या आणि पुढच्या दिवसांच्या नोंदींत तुमचे नाव आहे का ते पाहा. गुन्हा दाखलच झालेला नसेल आणि चॅप्टर केसही, म्हणजे शांतता राखण्याचा बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाईही, केलेली नसेल, तर तुमच्याविरुद्ध कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही. परंतु नियुक्तीच्या वेळच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या अर्जात, प्रश्न कसा विचारला आहे ते शब्द न शब्द वाचा. ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का’ आणि ‘तुम्हाला कधी अटक केली किंवा स्थानबद्ध केले का’ हे वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा प्रश्न असेल तर खरी हकिगत दोन ओळींत लिहा. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाचे उदाहरण देऊन, अशी गोष्ट दडवली गेली तरी नियुक्ती अधिकारी तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असे म्हटले आहे. मात्र ते त्याच्या मर्जीवर आहे. सांगितलेल्या किरकोळ गोष्टीने नोकरी जाण्याची शक्यता फार थोडी, दडवलेल्या गोष्टीने ती जाऊ शकते. घरी सांगण्याचेही तसेच आहे. ठाण्यातून गावाकडे फोन जाण्याआधी तुमच्या तोंडून आईवडिलांना कळलेले बरे.

तक्रारीचे काम या आठवड्यातच सुरू करा. आठहीजणांनी वेगवेगळे बसून, एकमेकांशी न बोलता, आपापली हकिगत तारीख आणि वेळेसह लिहून काढा. कोणी काय शब्द वापरले, व्हॅनचा क्रमांक, गणवेशावरची नावे, कोणत्या खोलीत बसवले, पाणी मिळाले का, हे सगळे त्यात येऊ द्या. ठाण्याच्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण जतन करावे, असा लेखी अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना द्या आणि प्रत पोलीस उपायुक्तांना पाठवा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपायचे आहे. तुम्ही किती वाजता आत आलात आणि किती वाजता बाहेर पडलात हे सांगायला त्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. माहिती अधिकारात त्या दिवशीच्या स्टेशन डायरीतील तुमच्याविषयीच्या नोंदी, कलम ३७ चा आदेश आणि ज्या कागदावर सह्या घेतल्या त्याची प्रत मागा. तो कागद वाचू न देता सही घेतली, हे तक्रारीत आजच्या तारखेने नोंदवा, म्हणजे उद्या त्यात ‘आम्ही समजपत्र स्वीकारले’ असे काही निघाले तरी तुमचा आक्षेप आधीचा असेल.

तक्रार पोलीस आयुक्तांकडे करता येते. विहित पद्धत न पाळता केलेली अटक किंवा ताबा हा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या कक्षेत येतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जाता येते. दिवाणी न्यायालयात बेकायदा डांबल्याबद्दल भरपाईच्या दाव्याचीही मुदत सुटकेपासून एक वर्षच आहे. पण पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांसाठी सहा महिन्यांची आखूड मुदत आहे, तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत ते कलम दाखवा. १९८३ मध्ये रुदुल शाह आणि १९८५ मध्ये भीम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा कैदेबद्दल थेट भरपाई दिली. भीम सिंग हे आमदार होते आणि त्यांना पन्नास हजार रुपये मिळाले. साडेपाच तासांसाठी मोठ्या रकमेची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. तुम्हाला यातून मिळू शकेल ते म्हणजे चौकशी, लेखी उत्तर आणि त्या ठाण्यात पुढच्या वेळी डायरी लिहिताना घेतली जाणारी काळजी. मला ते थोडे वाटत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तुमच्या मित्राच्या नोटिशीचे काम मात्र आजच करायचे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील हजेरीची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. तरीही त्याने ती दुर्लक्षित करू नये, कारण ‘नोटीस देऊनही आला नाही’ हेच पुढे अटकेचे कारण म्हणून लिहिले जाऊ शकते. त्याने लेखी उत्तर द्यावे की, नोटीस रीतसर बजावावी, तीत गुन्हा क्रमांक आणि कलमे नमूद करावीत, आणि मी सहकार्यास तयार आहे. मग दिलेल्या तारखेला वकिलासोबत जावे, आत जाताना आणि बाहेर पडताना वेळ लिहून घ्यावी आणि हजर राहिल्याची पोच मागावी. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, कारणे लिहून ठेवल्याखेरीज, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. त्या नोटिशीत गुन्हा क्रमांक असेल तर तो मला लगेच कळवा, कारण तसे असल्यास तुम्हा आठहीजणांची नावे त्या फिर्यादीत आहेत का ते पाहावे लागेल आणि वर लिहिलेला तक्रार अर्ज त्याप्रमाणे बदलावा लागेल.